मधाचा चमचा आणि वजनकाटा

चार महिने रोज सकाळी उठलं की माझं पहिलं काम एकच, कोमट पाणी, अर्धं लिंबू आणि दोन चमचे मध. कुणी सांगितलं होतं ते आठवत नाही, बहुतेक कुणीच नाही, म्हणजे हे असलं कुणी सांगावं लागतच नाही, सगळ्यांना ते आधीपासून माहीतच असतं की मध-पाण्याने चरबी जळते. मलाही माहीत होतं. पोट आत जाणार म्हणून इमानेइतबारे पित होतो आणि चार महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तर वजन दीड किलोने वाढलेलं. आधी काट्यावर संशय घेतला. मग काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवून बघितला. मग शर्ट काढून. आकडा काही हलेना.

मग एका रविवारी काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, बायकोचा केकसाठीचा छोटा डिजिटल काटा काढला, त्यावर रिकामी वाटी ठेवली, शून्य केलं आणि मी रोज घ्यायचो तसाच, त्याच चमच्याने, तेवढाच मध वाटीत सोडला. मध चमच्यातून पडताना बघा कधी नीट, तो लगेच सुटत नाही, आधी कडेशी फुगून बसतो, मग एक जाड धार, मग धारेची तार होते, ती तार तुटेपर्यंत आपण हात तसाच धरून उभे आणि काट्यावरचा आकडा सरकतोच आहे. २१ ग्रॅम. दुसरा चमचा टाकला, ४२. बायको मागून बघत होती, म्हणाली, "अरे हा तर वाढायचा चमचा आहे, तू याने घेतोस रोज?" मी आपला जगाला "दोन चमचे, दोन चमचे" सांगत फिरत होतो.

आता गंमत अशी की मध जड असतो. पाण्याच्या जवळजवळ दीडपट, एक लिटर मधाचं वजन १.४ किलोच्या आसपास भरतं. त्यामुळे त्याच चमच्यात साखर बसते १२-१३ ग्रॅम आणि मध बसतो २१ ग्रॅम. वजनाला वजन लावलं तर मधात कॅलरी साखरेपेक्षा कमीच आहेत, १०० ग्रॅम मधात ३०४ आणि १०० ग्रॅम साखरेत ३८७, आणि हे वाक्य सगळीकडे लिहिलेलं असतं, पण घरात कुणी ग्रॅमवर मोजत नाही, चमच्यावर मोजतो, आणि चमच्याला चमचा लावला की साखर ५० कॅलरी आणि मध ६४. म्हणजे "मी साखर सोडली, आता मधच घेतो" असं म्हणणारा माणूस तोच चमचा वापरत असेल तर तो जास्तच खातोय. माझे रोजचे १२८ झाले. गुणिले १२० दिवस. १५ हजारांच्या वर जातं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, पुढचं गणित तुम्हीच करा, मी केलं तेव्हा काट्याची मनातल्या मनात माफी मागितली.

तर हे सगळं झाल्यावर मी जरा इरेला पेटलो आणि मधाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. हे लिहितोय ते त्यातूनच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मधात असतं काय? साधारण १७-१८ टक्के पाणी आणि ८० टक्क्यांच्या आसपास साखरा. त्यातही फ्रुक्टोज सगळ्यात जास्त, ३८ टक्क्यांच्या जवळपास, मग ग्लुकोज ३१ टक्के, मग माल्टोज वगैरे थोडंथोडं. हे झालं की उरतात एखाद-दोन टक्के आणि मधाचं सगळं नाव, सगळी कीर्ती, वेगवेगळे रंग-वास, सगळं त्या उरलेल्या एखाद-दोन टक्क्यांत आहे. एन्झाइम (म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं), आम्लं, परागकण, फुलाफुलाप्रमाणे बदलणारी अँटीऑक्सिडंट द्रव्यं. गडद मधात ही द्रव्यं सहसा फिक्या मधापेक्षा जास्त असतात.

पण ते जे फॉरवर्ड येतात ना, "मधात लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, व्हिटॅमिन सी, बी-६ भरपूर", त्यातलं "भरपूर" तेवढं काढून टाका. असतं सगळं, पण किती? १०० ग्रॅम मधात लोह ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास. एका तरुण बाईला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह लागतं धरलं तर ते मधातून मिळवायला रोज चार किलोच्या वर मध खावा लागेल. अस्वलही नको म्हणेल. आणि व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे माझ्या त्या सकाळच्या ग्लासात जे काही व्हिटॅमिन सी होतं ते बिचाऱ्या लिंबाचं होतं आणि क्रेडिट घेऊन गेला मध.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा मधाच्या मागे हात धुऊन लागलाय. तसं नाहीये. उलट माझी तक्रार अशी आहे की मध ज्याच्यासाठी खरंच चांगला आहे ते सोडून आपण त्याला भलत्याच कामाला जुंपतो.

तो तयार कसा होतो ते बघा आधी. कामकरी माशी फुलातला मकरंद शोषते आणि पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठवते, तिच्या स्वतःच्या जेवणाच्या पोटाच्या आधी ही पिशवी असते. मकरंद म्हणजे पातळ गोड पाणीच, बऱ्याचदा ७०-८० टक्के पाणी. पोळ्यात आली की ती दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती आणखी तिसरीच्या, आणि या तोंडातून त्या तोंडात जाताना त्यात माश्यांची एन्झाइम मिसळत जातात. एक एन्झाइम उसाच्या साखरेसारखी जोडसाखर तोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. मग तो मकरंद पोळ्याच्या घरांत ओततात आणि माश्या पंखांनी वारा घालत बसतात, आपण ओलं वाळवायला पंखा लावतो तसंच, पाणी १८ टक्क्यांवर येईपर्यंत. मग वरून मेणाचं झाकण. एक माशी आख्ख्या आयुष्यात एका छोट्या चमच्याचा साधारण बारावा हिस्सा मध करते असा अंदाज सांगतात. माझा सकाळचा ग्लास म्हणजे किती माश्यांची जिंदगी असेल, मोजायला गेलो आणि मधेच सोडून दिलं.

यातलं दुसरं एन्झाइम म्हणजे खरी करामत. ग्लुकोज ऑक्सिडेज. हे ग्लुकोजपासून दोन गोष्टी बनवतं, ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, तेच पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरायचे ते. मधाचा पीएच चारच्या आसपास म्हणजे चांगलाच आंबट असतो, गोडीमुळे जिभेला कळत नाही एवढंच. आणि घट्ट मधात हे एन्झाइम झोपल्यासारखं असतं, मध जरा पातळ झाला की जागं होतं. म्हणजे मध जखमेवर लावला, जखमेतलं पाणी त्यात मिसळलं की पेरॉक्साइड हळूहळू झिरपायला लागतं, एकदम भडाभड नाही. शिवाय इतक्या दाट साखरेत जंतू पडला तर त्याच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो वाळतो. आंबटपणा, दाटपणा आणि पेरॉक्साइड, तिन्ही एकत्र. नीट झाकून ठेवलेला मध वर्षानुवर्षं नासत नाही तो यामुळे.

आता खोकला. इथे मी मधाच्या बाजूने कितीही भांडेन.

गेल्या थंडीत मुलीला सर्दी झाली, सहा वर्षांची आहे, आणि दिवसभर बरी असायची पण रात्री आडवी झाली की ढास लागायची. एकदा उबळ सुरू झाली की पाच-पाच मिनिटं थांबायची नाही, डोळ्यांत पाणी, मग रडणं, रडल्यामुळे आणखी खोकला. रात्रीचे दोन वाजलेले. घरातल्या खोकल्याच्या औषधाची बाटली संपलेली, तळाला चिकट थर फक्त. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. शेवटी तिला उशीला टेकवून बसवलं आणि छोट्या चमच्याने एक चमचा मध दिला, पाण्यात वगैरे न घालता तसाच, आणि सांगितलं की गिळू नकोस लगेच, हळूहळू चाट. तिने चमचा तोंडात उलटा धरून ठेवला, आइस्क्रीमचा धरतात तसा. मी घड्याळ बघत होतो. उबळ पूर्ण थांबली असं म्हणणार नाही, पण मधलं अंतर वाढलं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत ती चमचा हातातच धरून झोपली. चादरीला मुंग्या लागू नयेत म्हणून तो चमचा तिच्या मुठीतून सोडवताना माझी जी तारांबळ उडाली ती वेगळी.

एका रात्रीचं काय सांगता, म्हणाल. बरोबर आहे, म्हणून मी नंतर वाचलं. २००७ साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सर्दी-खोकल्याची १०५ मुलं घेतली, काहींना झोपायच्या आधी मध, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे खोकल्याच्या सिरपमधलं नेहमीचं औषध, आणि काहींना काहीच नाही. आईबापांनी सकाळी मार्क दिले तेव्हा मधवाल्या मुलांची रात्र सगळ्यात बरी गेलेली. मध आणि औषध यांच्यात फार मोठा फरक नव्हता, पण काहीच न देण्यापेक्षा मध नक्की सरस ठरला, आणि औषधाला तेवढंही जमलं नाही. मग २०१२ मध्ये इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर केलं, तीन वेगवेगळ्या फुलांचे मध आणि एका गटाला खजुराचा पाक, जो दिसायला-चवीला मधासारखाच. सुधारले सगळेच, कारण सर्दी आपोआप बरी होतच असते, पण मधवाले जास्त सुधारले. दोन्ही अभ्यासांना मधाच्या धंद्यातल्या मंडळांनी पैसे दिले होते हेही सांगायला हवं, मला ते वाचून जरा खट्टू व्हायला झालं. पण पुढे २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी असे १४ अभ्यास एकत्र करून बघितले तरी उत्तर साधारण तेच आलं, खोकल्याची तीव्रता आणि वारंवारिता दोन्ही मधाने कमी होते. ब्रिटनमध्ये तर २०१८ पासून डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्येच आहे की साध्या खोकल्याला आधी मध वगैरे घरचं करून बघा, लगेच अँटिबायोटिक लिहून देऊ नका.

का काम करतो? घशावर एक लेप बसतो, खवखव शमते, गोडामुळे लाळ सुटते, ती गिळली जाते. यात जादू काही नाही. आणि खोकला दोन-तीन आठवड्यांच्या वर गेला, ताप चढला, धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली तर मधाची बाटली ठेवून सरळ डॉक्टर गाठायचा, यात चर्चा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावरून आमच्या घरात रामायण झालंय. बहिणीचं बाळ साडेचार महिन्यांचं होतं तेव्हा ती राहायला आली होती. बाळ किरकिरत होतं, आणि आईने बोटावर टिपूसभर मध घेतला. मी ओरडलोच. "आई, नको!" आई दचकली, बाळ दचकलं, बहीण आतून धावत आली. आई म्हणाली, "एवढं काय झालं? तुम्हा दोघांना चाटवलाच होता की मी. काही झालं का तुम्हाला?" याला काय उत्तर देणार, समोर आम्ही दोघं धडधाकट उभे. बहीण म्हणाली, "आई, दादा म्हणतोय ते डॉक्टरांनीपण सांगितलंय गं." तरी आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

कारण असं आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. दरवेळी असतात असं नाही, पण असू शकतात, आणि बघून किंवा चाखून कळत नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतके इतर जंतू नांदत असतात की या बीजाणूंना रुजायला जागाच मिळत नाही, ते आले तसे निघून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं अजून मोकळं असतं, तिथे ते रुजतात आणि विष बनवायला लागतात. ते विष नसांवर काम करतं. बाळाला बद्धकोष्ठ होतं, रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही, पापण्या जड होतात, मान आणि हातपाय ढिले पडतात, आणि पुढे श्वासावर येतं. १९७६ मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणजे आमच्या आईच्या लहानपणी हे कुणाला माहीतच नव्हतं, तिचा दोष नाही. होतो तसा क्वचित, पण ज्या बाळाला होतो त्याला अनेकदा व्हेंटिलेटर लागतो, आणि टाळायला काय करायचंय, तर फक्त बारा महिने थांबायचंय. उकळून दिला तरी चालत नाही, साध्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. चोखणीला लावूनही नाही. बाळाला दूध पाजणाऱ्या आईने मात्र मध खायला काही हरकत नाही, बीजाणू दुधात उतरत नाहीत. हे मी आमच्या आईला शांतपणे नंतर समजावलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग नीट सांगायचं ना, ओरडायचं कशाला." तेही खरंच.

जखमेचं म्हणाल तर प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय पपायरसांमध्ये जखमेवर मध लावायचं लिहून ठेवलंय, हजारो वर्षांपूर्वी. आणि आजही हॉस्पिटलात मधाची ड्रेसिंग मिळतात, विशेषतः फार खोल नसलेल्या भाजण्यावर ती नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा लवकर जखम भरतात असं कॉक्रेनच्या, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१५ च्या आढाव्यात आहे. पण तो मध वेगळा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला. न्यूझीलंडच्या मानुका मधाचं जे एवढं नाव ऐकतो त्यात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं द्रव्य जास्त असतं आणि त्यामुळे पेरॉक्साइड गेलं तरी त्याचा जंतुनाशक गुण टिकतो. कपाटातला मध, ज्यात कालच कुणीतरी ब्रेडचा तुकडा बुडवला, तो उघड्या जखमेवर फासायचा नाही. भाजलं तर आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. लोक हे सोडून सगळं करतात, टूथपेस्टसुद्धा लावतात.

आणि एक गोष्ट जी वाचून मी खुर्चीतून उठलोच. बटन बॅटरी, रिमोटमध्ये आणि खेळण्यांमध्ये असते ती गोल चपटी, लहान मुलाने गिळली की ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजते. २०१८ च्या एका अमेरिकन संशोधनात दिसलं की मध दिला तर ही इजा कमी होते, बॅटरीभोवती लेप बसतो आणि तिथे तयार होणारा अल्कधर्मी पदार्थ मधाच्या आम्लाने थोडा मारला जातो. आता तिकडच्या पॉयझन सेंटरच्या सूचनांमध्ये हे आहे, मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तासांच्या आत असेल, आणि गिळू शकत असेल, तर हॉस्पिटलकडे जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. जाता जाता, हे मी मुद्दाम दोनदा लिहितोय, मध शोधण्यात निघायला उशीर करायचा नाही. मध म्हणजे उपचार नाही, रस्त्यातला वेळ काढायला आधार आहे. त्या संध्याकाळी मी घरातल्या सगळ्या रिमोटची झाकणं तपासली, एकाला टेप मारली.

डायबेटिसवाल्यांचा प्रश्न मला फार लोक विचारतात, म्हणजे दोघांनी विचारलाय. ऑफिसमधले एक सिनियर चहात साखर बंद करून मध घालतात आणि वर सांगतात की "नॅचरल आहे, शुगर वाढत नाही". वाढते हो. एका टेबलस्पून मधात १७ ग्रॅम कार्बोहायड्रेट आहेत, शरीराला ती फुलातून आली का कारखान्यातून याच्याशी काही देणंघेणं नाही. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली शुगर किती भराभर चढते त्याचा आकडा, साखरेचा ६५ धरला तर मधाचा सरासरी साठीच्या आसपास, फुलाप्रमाणे कमी-जास्त. फरक आहे पण त्या फरकावर मिठाई मारावी इतका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली, एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, त्यात मध साखरेतच मोजलाय, वेगळा काढलेला नाही. माझे ४२ ग्रॅम आठवा.

पण मग २०२२ मधला टोरंटो विद्यापीठाचा आढावा येतो आणि जरा विचारात पाडतो. १८ चाचण्या, ११०५ माणसं, रोज मध सरासरी ४० ग्रॅम, आठेक आठवडे. म्हणजे माझाच डोस की हो! त्यांच्यात उपाशीपोटीची शुगर थोडी उतरली, वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी झालं, चांगलं थोडं वाढलं, आणि विशेषकरून एकाच फुलाच्या, न तापवलेल्या मधाने. मी उड्या मारणार होतो, पण खाली वाचलं तर ही माणसं एरवीही बेताचं, चांगलं खाणारी, साखर १० टक्क्यांच्या आत ठेवणारी होती, आणि पुराव्याची खात्रीही कमीच आहे असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. संशोधकांचंही म्हणणं असंच होतं की मध खात नसाल तर मुद्दाम सुरू करू नका, साखर खात असाल तर तिच्या जागी घ्या. जागी. मी सगळं तसंच ठेवून वरून घेत होतो.

परागकणांच्या ॲलर्जीवर जवळपासचा मध खा म्हणतात, त्याचा काही फारसा आधार नाही. शिंका आणणारे पराग बहुतेक वाऱ्याने उडणारे असतात, गवतांचे, झाडांचे, आणि मधातले असतात माश्या ज्या फुलांवर बसतात त्यांचे. पत्ताच चुकीचा. उलट काहींना मधाचीच ॲलर्जी असते. आणि ज्यांचं पोट फ्रुक्टोजला कुरकुरतं त्यांना जास्त मधाने गॅस, जुलाब होतात. बाकी फुलाचा परिणाम मधावर किती होतो याचा नमुना हवा असेल तर तुर्कस्तानात काळ्या समुद्राकडचा आणि नेपाळमधला ऱ्होडोडेंड्रॉन या डोंगरी फुलझाडाचा मध, त्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं, चमचाभर जास्त खाल्ला तर चक्कर, उलट्या, नाडी मंदावणं. इ.स.पूर्व ४०१ मध्ये ग्रीक सैनिक असाच मध खाऊन रांगेने आडवे झाले होते. नॅचरल म्हणे.

शुद्ध मध ओळखायचा कसा यावर तर प्रत्येकाकडे एक व्हिडिओ असतो. पाण्याच्या ग्लासात टाका, तळाला गेला तर खरा. काडीला लावून पेटवा. मुंग्या येतात का बघा. मी तिन्ही केलं, हसू नका, आणि मग तेच सगळं साखरेच्या घट्ट पाकावर करून बघितलं, पाकही तळाला गेला आणि मुंग्या तर आधी पाकालाच आल्या. यातून फक्त घट्टपणा कळतो. खरी भेसळ प्रयोगशाळेत, कार्बनच्या आयसोटोपवरून (म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) वगैरे पकडतात, ऊस आणि मक्याची साखर त्यात सापडते, पण तांदळाचा सिरप त्या साध्या चाचणीतून निसटतो. युरोपियन युनियनने आयात मधाचे ३२० नमुने तपासले, २०२३ मध्ये निकाल जाहीर केला, तर ४६ टक्के संशयास्पद निघाले. तिथली ही गत, आपण काडी पेटवून काय शोधणार.

आणि मध साखरला म्हणजे त्यात साखर घातलेली, हा गैरसमज तर मी स्वतः बाळगून होतो, एक आख्खी बाटली त्यापायी ओतून टाकलीये, आता आठवलं की जीव कळवळतो. साखरणं म्हणजे त्यातलं ग्लुकोज पाणी सोडून खड्याच्या रूपात बसणं. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर थिजतो, फ्रुक्टोज जास्त तो महिनोनमहिने पातळ राहतो. १४ अंशांच्या आसपास हे सगळ्यात भराभर होतं, म्हणून मध थंडगार जागी ठेवायचा नाही. पुन्हा पातळ हवा असेल तर काचेची बाटली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात उभी करायची, अर्ध्या तासाने ढवळायचं, परत ठेवायची. गॅसवर चढवायची नाही. तापवल्याने एन्झाइम जातात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, मध जुना किंवा फार तापवलेला आहे हे ओळखायला तेच मोजतात. चरकसंहितेतही गरम मध वर्ज्य सांगितलाय. पण म्हणून गरम चहात चमचाभर मध गेला तर विष झालं असं काही मला वाटत नाही, चव राहते, गुण थोडे कमी होतात, आणि चहात घातलेला मध तसाही चवीसाठीच असतो ना.

ओला चमचा मात्र बाटलीत घालू नका. पाणी १८-१९ टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टला वाव मिळतो आणि मध आंबतो, झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि वर फेस दिसला तर समजायचं. आमच्याकडे हे एकदा झालंय, गुन्हेगार कोण ते मला माहितीये, पण ती हे वाचते.

सध्या माझ्या सकाळच्या ग्लासात नुसतं लिंबू असतं. पहिले आठ दिवस तोंड वाकडं करून प्यायलो, आता चालतं. मधाची बाटली औषधांच्या कपाटात गेली, थर्मामीटरशेजारी, आणि तिच्या गळ्यात दोरीने एक छोटा चमचा बांधलाय, ५ मिलीचा, वाढायचा चमचा हातात येऊच नये म्हणून. परवा रात्री मुलगी दात घासून झाल्यावर माझ्या दारात येऊन उभी राहिली. एकदा खोकली. थांबून माझ्याकडे बघितलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने, आणि नजर सरळ कपाटाकडे.

"परत दात घासावे लागतील," म्हटलं.

विचार केला तिने, आणि म्हणाली, "मग राहू दे. गेला खोकला."